मारबतीच्या जुन्या व्हीएचएस कॅप्चर करून राहिलो, लॉसलेस (चित्रातलं काहीच न गमावणारी) सेटिंग कोणती ठेवू?

इतवारीचा_पोट्टा
नमस्कार मंडळी. बाबांनी १९९४ ते १९९९ पर्यंत दरवर्षी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबतीची (इडापिडा घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळ्याची) मिरवणूक शूट केली होती, त्या ९ व्हीएचएस कॅसेटी माझ्याकडे आहेत, एकेक दोनदोन तासाची. मागच्या वर्षी त्यातली एक बाहेर दुकानात दिली होती, त्यानं सरळ एमपीफोर करून दिली, त्यात पिवळ्या मारबतीचा रंग बाजूच्या माणसांवर सांडल्यासारखा दिसते आणि ढोलवाल्याचे हात हलले की कडेला कंगव्यासारख्या रेषा. म्हणून आता व्हीसीआर आणि यूएसबी कॅप्चर घेतलं, घरीच करतो. एडिटिंग केडेनलाइव्हमध्ये, लॅपटॉप ८ जीबी रॅमचा जुनाच आहे, डिस्क २ टीबीची. आता हफवाययूव्ही, यूटी व्हिडिओ, एफएफव्हीवन, एक्स२६४ लॉसलेस, एवढे कोडेक (व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धती) आणि प्रत्येकात वेगळ्या सेटिंगा, प्रेडिक्शन (पिक्सेलचा अंदाज लावायची रीत) मीडियन घेऊ का लेफ्ट, स्लाइस म्हणजे फ्रेमचे तुकडे किती, काहीच कळून नाही राहिलं. चुकलं तं दुसऱ्यांदा कॅसेट चालंलच असं नाही, एकीच्या रिळावर पांढरी बुरशी दिसून राहिली.

उमरेडरोडवाला
भाऊ व्हीएचएसमध्ये आडव्या २४० रेषांच्या आसपासच डिटेल असते, त्याला लॉसलेस कशाले? एक्स२६४, सीआरएफ (क्वालिटीचा आकडा) १६, झालं काम. १८ तासाचं फुटेज एका पेनड्राइव्हमध्ये येऊन जाईल.

लिनियरवाले_काका
उमरेडरोडवाला भाऊ, फक्त पाहायचं असतं तर तुमचं बरोबर होतं. पण याला एडिट करायचंय, रंग दुरुस्त करायचेत, नॉइज काढायचाय, आणि प्रत्येक वेळी पुन्हा एनकोड होणार. टेपचा नॉइज दर फ्रेमला वेगळा असतो, एक्स२६४ तो चेपताना चौकटी पाडतो आणि मग नॉइज काढणाऱ्या फिल्टरला त्या चौकटी खऱ्या वाटतात. आम्ही लग्नाच्या शूटिंगमध्ये टेपवरून टेपवर कॉपी करायचो तेव्हा तिसऱ्या कॉपीला नवरीच्या शालूचा लाल रंग वाहून जायचा, ते डोळ्यानं पाहिलंय म्हणून सांगतो.

पोट्टा, तुझ्या प्रश्नाचं सांगतो. कोडेकवर एवढा जीव नको जाळू, तू लिहिलेले चारही नीट लावले तर एकेक पिक्सेल जसाच्या तसा परत देतात, फरक फक्त किती जागा खातो आणि किती लवकर उघडतो एवढाच. नुकसान होते ते पिक्सेल फॉरमॅटमध्ये, म्हणजे रंग किती बारकाईनं साठवतो त्यात. तुझं कार्ड बहुतेक वायूवायटू म्हणजे ८ बिट ४:२:२ (रंग आडवा अर्धा, उभा पूर्ण) देत असणार, तर तेच ४:२:२ ठेव. सॉफ्टवेअरनं मधेच ४:२:० केलं तर उभ्या बाजूनं अर्धा रंग गेला, आणि इंटरलेस्ड (एकाआड एक रेषांच्या दोन फील्ड मिळून एक फ्रेम) चित्राला प्रोग्रेसिव्ह (अख्खी फ्रेम एकदम) समजून ४:२:० केलं तर दोन फील्डचे रंग एकमेकांत मिसळतात. तुझी पिवळी मारबत सांडली ती माझ्या मते इथंच. कोडेक कितीही लॉसलेस असू दे, त्याच्या आधी मिसळलेला रंग तो परत आणून देत नाही. आरजीबी पण नको, उगाच फाइल फुगते आणि रंग बदलताना आकडे राउंड होऊन थोडे चुकतात.

कॅप्चर करताना डीइंटरलेस (फील्डच्या अख्ख्या फ्रेम करणं) बिलकुल नको. ७२० बाय ५७६, २५ फ्रेम, इंटरलेस्ड, आहे तसं घे. नंतर कॉपीवर बीडब्ल्यूडीआयएफ फिल्टर लावून ५० फ्रेम काढ, ढोलवाल्याचे हात सरळ दिसतील. फील्डचा क्रम मात्र तपास, कॅप्चर कार्डावर बहुतेक वरची आधी असते, डीव्ही टेप असती तर खालची आधी. उलटा लागला की मिरवणूक दोन पावलं पुढं एक पाऊल मागं करते.

जुन्या लॅपटॉपवर कॅप्चरला यूटी व्हिडिओ घे, ४:२:२ चा बीटी ६०१ (जुन्या एसडी व्हिडिओच्या रंगांचं मानक) वाला, ७०९ वाला एचडीसाठी आहे. प्रेडिक्शन आधी मीडियन लाव, फ्रेम गळायला लागल्या तर लेफ्ट, फाइल थोडी मोठी होईल पण सीपीयूला हलकं जाईल. एक्स२६४ क्यूपी ० लॉसलेस आहे खरं, पण बऱ्याच एडिटरला आणि हार्डवेअर डीकोडरला ते प्रोफाइल चालत नाही, आणि त्यात मागच्यापुढच्या फ्रेमवर अवलंबून राहावं लागते, टाइमलाइनवर ओढलं की अडकते.

आणि बुरशीवाली कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नको बाबा! बुरशी हेडला लागते आणि तिथून पुढच्या आठही कॅसेटीला जाते. ती वेगळी ठेव, साफ करून शेवटी.

धरमपेठ_आर्काइव्ह
काकांनी एडिटिंगचं सांगितलं, मी जपून ठेवायचं सांगते. यूटीमध्ये एडिट कर, पण कायमची कॉपी एफएफव्हीवनमध्ये, एमकेव्ही फाइलमध्ये ठेव. २००३ पासूनचा कोडेक आहे, २०२१ मध्ये आरएफसी ९०४३ (इंटरनेटवरचा तांत्रिक दस्तऐवज) म्हणून त्याचं वर्णन छापून झालंय, म्हणजे उद्या एखादं सॉफ्टवेअर बंद पडलं तरी कागद वाचून कुणीही डीकोडर लिहू शकतो. सेटिंग: लेव्हल ३, जीओपी १ (प्रत्येक फ्रेम स्वतंत्र), स्लाइस २४, स्लाइस सीआरसी (प्रत्येक तुकड्याचा तपासणी-आकडा) चालू. सीआरसीमुळं पाच वर्षांनी डिस्क खराब झाली तर नेमक्या कोणत्या फ्रेमचा कोणता तुकडा बिघडला ते कळते. ऑडिओ पीसीएम (न दाबलेला), ४८ किलोहर्ट्झ, त्यात एएसी (दाबलेला) नको.

जागेचा हिशोब सांगते. अनकॉम्प्रेस्ड ४:२:२ सेकंदाला साधारण २०.७ एमबी, म्हणजे तासाला ७५ जीबी. माझ्या टेपांचं एफएफव्हीवनमध्ये तासाला ३० ते ३५ निघालं, बर्फ (पांढरे ठिपके) जास्त असलेल्या टेपांचं वरती. तुझे १८ तास ६०० जीबीच्या आसपास जातील, २ टीबीत आरामात. पण दुसऱ्या डिस्कवर कॉपी हवीच.

यूटी डिलीट करायच्या आधी एफएफएमपेग या प्रोग्रामात दोन्ही फाइलींचं फ्रेमएमडी५ (दर फ्रेमचा ओळख-आकडा) काढ आणि दोन्ही याद्या जुळव. एकही ओळ वेगळी दिसली तर थांब, बहुतेक वेळा पिक्सेल फॉरमॅट कुठंतरी बदललेला असतो.

इतवारीचा_पोट्टा
काका, ताई, मनापासून धन्यवाद. काल रात्री १९९६ ची कॅसेट लावली. पहिल्यांदा सॉफ्टवेअरनं गुपचूप ४:२:० निवडलं होतं, तुम्ही नसतं सांगितलं तं मला कधीच दिसलं नसतं. ते बदललं, यूटी, मीडियन. दुपारी उन्हात लॅपटॉप तापून १२ फ्रेम गळाल्या होत्या, रात्री कूलरसमोर ठेवून केलं तं एकही नाही. एफएफव्हीवन केल्यावर फ्रेमएमडी५ जुळवलं, पावणेदोन तासाच्या १,५७,५०० फ्रेम, एकही ओळ वेगळी नाही निघाली.

पिवळी मारबत वळणावरून येते तिथं थांबवून पाहिलं. तिच्या कडेला आता रेघ सरळ आहे, मागच्या माणसाचा सदरा पांढरा दिसते. आणि ‘घेऊन जा गे मारबत’ ओरडणाऱ्यांत बाबांचा स्वतःचा आवाज आहे, कॅमेऱ्याच्या अगदी जवळून. दुकानाच्या एमपीफोरमध्ये तो ढोलाखाली दबून गेला होता.

बुरशीवाली १९९४ ची आहे. ती साफ कशी करायची, कुणी स्वतः केली असंल तं सांगा.