आंब्याखाली काळी मुसळी लावा

ताई, आंब्याच्या सावलीत काहीच टिकत नाही, काय लावू, असं तुम्ही विचारलंत, आणि उत्तरात बाकीच्यांनी शोभेच्या परदेशी झाडांची नावं सुचवली आहेत. मी म्हणेन, काळी मुसळी लावा, ही कंदाची छोटी औषधी रानवनस्पती आहे. आपल्या गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलात सागा-बांबूच्या सावलीत ती आपसूक येते.

काळ्या मातीत मात्र थेट नको, पाणी साचलं की कंद सडतो. पालापाचोळ्याचं खत आणि रेती मिसळून वीतभर उंच वाफा करा. पाऊस लागला की कंदाचा कोंबाकडचा तुकडा लावा. बियांची उगवण फार कमी. गंमत पुढे आहे. पानाचं टोक ओल्या मातीला टेकलं की तिथंच मुळं फुटून नवं रोप धरतं. फुलं पिवळी, सहा पाकळ्यांची, पानांच्या बुडाशी अगदी जमिनीलगत. वाकून पाहावी लागतात. फळ तर मातीतच दडलेलं असतं.

उन्हाळ्यात पानं वाळतात, मेली समजून उपटू नका. आणि हात जोडून सांगतो, कंद जंगलातून खणून आणू नका. औषधासाठी मुळासकट उपटून उपटून ती विरळ होत चालली आहे. रोपवाटिकेतून घ्या, नाहीतर कुणाच्या बागेतून मागून आणा.