पाच वर्षांच्या पोराला अकॅडमी कशाला?

जुळे सोलापूरकर: "पाच वर्षांचा झाला की क्रिकेट अकॅडमीत घाला, नंतर मागं पडतो," असं काल एका पालकांनी इथं लिहिलं. वाचून राहवलं नाही. कुठल्याही नेटजवळ उभं राहून बघा. चिमुरडं पोरगं पॅड बांधून बॅट सरळ धरतं, पण चेंडू फेकायला सांगा. उजव्या हातानं फेकताना पायही उजवाच पुढं! कंबर वळतच नाही, सगळा जोर खांद्यावर. पळणं, थांबणं, वळणं, एका पायावर उडी, फेक, झेल हे पक्कं नसताना कव्हर ड्राइव्ह कसला शिकवता? लंगडी, लगोरी, विषामृत खेळू द्या. आपल्या सोलापुरात १९२६ साली जन्मलेले पॉली उम्रीगर भारताचे कर्णधार झाले, तेव्हा कुठल्या अकॅडम्या होत्या?

अशोक चौक: दादा, उम्रीगर जन्मले इथं, पण खेळले मुंबईकडून. ते सोडा. लगोरीला गल्लीत पोरं कुठायत? जागा सगळी दुचाक्यांनी खाल्लीय. माझा मुलगा अकॅडमीत तासभर तरी पळतो, घरी मोबाईल सोडत नाही.

जुळे सोलापूरकर: पळतो की रांगेत उभा राहतो? जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसाला १८० मिनिटं हालचाल सांगितलीय, त्यात ६० मिनिटं चांगला दम लागेल अशी. बॅटिंगची पाळी येईपर्यंत ताटकळणं त्यात धरत नाहीत.

जुना खो-खोवाला: बरोबर. आणि आधी ते जाड बूट काढा. अनवाणी लंगडी घातली की तोल आपोआप येतो.

विजापूर रोडची आई: अहो काका, अनवाणी? एप्रिलात पारा चाळिशीच्या वर, मैदानात वेड्या बाभळीचे काटे, बाटल्यांच्या काचा. माझ्या लेकीच्या टाचेत काच गेली, टाके पडले.

जुना खो-खोवाला: सकाळी लवकर जमीन तापलेली नसते. आम्ही रांगेनं खडे वेचून मग खेळायचो.

विजापूर रोडची आई: कोण वेचणार? मी ड्युटीवरून येते तेव्हा अंधार पडलेला असतो. वेचा म्हणणारे एकही काका झाडू घेऊन मैदानात दिसले नाहीत.

जुळे सोलापूरकर: विषय बुटांचा नव्हता हो.

भैया चौक: बुटांचाच आहे! फी भरायची, वर स्पाइकचे बूट. पाय वाढला की पुन्हा नवे. आमच्या पोराला बूट नाहीत म्हणून एका ठिकाणी कडेला बसवलं. साध्या पळण्यासाठी स्पाइक लागतात का? कोण विचारणार?

जुना खो-खोवाला: हे चूकच. ताई, काचेचं म्हणता तर बूट घाला, पण पातळ तळाचे कॅनव्हासचे. घरात फरशीवर तरी अनवाणी उड्या मारू द्या.

विजापूर रोडची आई: घरात चालेल. मैदान साफ झाल्याशिवाय तिथं नाही.

अशोक चौक: अकॅडमी मी सोडणार नाही. पण आज पोराला फेकायला लावलं, तर उजवाच पाय पुढं पडला. ते कसं सुधारायचं तेवढं सांगा.

जुळे सोलापूरकर: खडूनं जमिनीवर डावं पाऊल काढा, फेकताना डावा पाय त्यावर. लांबच्या भिंतीवर जोरात फेकू द्या, जवळ फेकताना पोरं पाय उचलतच नाहीत. झेलायला मोठा मऊ चेंडू द्या. कडक चेंडू आला की लहान मूल तोंड फिरवतं, मग नजर चेंडूवर राहत नाही.