चालू डिस्क न पुसता मिरर करता येतो का?

रेघोट्या: कर्वे रोडवरच्या आमच्या आर्किटेक्ट ऑफिसात उबुंटूचा फाइल सर्व्हर आहे. ओएस वेगळ्या एसएसडीवर, ड्रॉइंग्ज 4 टीबीच्या एका डिस्कवर, 2.6 टीबी भरलेली. तेवढीच नवी डिस्क आणलीय. रेड 1, म्हणजे दोन डिस्कवर एकसारखाच डेटा ठेवणारा मिरर, करायला जुनी आधी पुसावी लागते म्हणतात, मग डेटा ठेवायचा कुठे? आणि मिरर झाल्यावर शनिवारचा एक्स्टर्नलवरचा बॅकअप बंद केला तर चालेल ना?

डिस्कोबा: पुसावी लागते, पण शेवटी. आधी अर्धाच मिरर बांधा. नव्या डिस्कवर पार्टिशन करताना शेवटचे 100 एमबी मोकळे सोडा. उद्या दुसऱ्या कंपनीची 4 टीबी डिस्क चार सेक्टर तोकडी निघाली तर अ‍ॅरे (मिररमधल्या डिस्कचा संच) ती घेतच नाही. मग एमडीएडीएमने (लिनक्सची रेड बांधायची कमांड) लेव्हल 1, डिव्हाइस 2, आणि दुसऱ्या डिस्कच्या जागी नुसतं ‘मिसिंग’ लिहा. त्यावर ईएक्सटी4 फाइल सिस्टिम, आरसिंक या कॉपीच्या कमांडने कॉपी, सगळे घरी गेल्यावर चेकसम (फाइलींचा मजकूर ताडून बघणं) लावून पुन्हा एकदा आरसिंक. दोन दिवस ऑफिस नव्यावर चालवा, मगच जुनीवर तसंच पार्टिशन करून ती अ‍ॅड करा.

सिंकला, सेकंदाला 150 एमबी धरले तर, साडेसात तास. तेवढा वेळ खरी प्रत एकच असते, म्हणून ताजा बॅकअप आधी. बुधवारी रात्री लावू नका, गुरुवारी देखभालीसाठी लाइट जाते. आणि अ‍ॅरेची ओळ कॉन्फिग फाइलमध्ये टाकून इनिटरामएफएस (बूट होताना आधी लोड होणारी फाइल) अपडेट करा, नाहीतर रीबूटनंतर अ‍ॅरेचं नाव एमडी0 चं एमडी127 झालेलं दिसेल.

पेठेतला: बॅकअप बंद? अजिबात नको. कोणी फोल्डर उडवलं की दोन्ही डिस्कवरून एकदमच उडतं, रॅन्समवेअरचंही तेच. मिरर आहे तो डिस्क मेली तरी काम थांबू नये म्हणून. उलट एक्स्टर्नल दोन करा, आलटूनपालटून एक कोणाच्या तरी घरी.

नवी डिस्क एसएमआर (ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणारी) नाही ना, ते डेटाशीटमध्ये बघा. रीबिल्डला त्या फार रखडतात. साधी डेस्कटॉप डिस्क खराब सेक्टरवर मिनिटभरही अडून बसते, लिनक्स 30 सेकंदांत कंटाळतो आणि डिस्क अ‍ॅरेतून बाहेर. स्मार्टसीटीएल कमांडने एससीटी ईआरसी (खराब सेक्टरवर डिस्कने किती वेळ झटायचं ती मर्यादा) 70,70 करा, म्हणजे 7 सेकंद. लाइट गेली की हे सेटिंग पुसतं, स्टार्टअपला टाका. काही डिस्क ते मानतच नाहीत. तिथे लिनक्सचा टाइमआउट 180 सेकंद करा.

ट्रेवर सीरियल नंबरची चिठ्ठी चिकटवा. एमडीस्टॅटमध्ये (अ‍ॅरेची स्थिती दाखवणारी फाइल) ‘यूयू’च्या जागी ‘यू_’, म्हणजे एक डिस्क गळालेली, दिसलं की घाईत चांगलीच डिस्क उपसली जाते.

रेघोट्या: नवी जोडली, पण स्मार्टमध्ये (डिस्कच्या तब्येतीच्या नोंदी) 199 चा आकडा 14 झालाय. परत करू?

डिस्कोबा: 199 म्हणजे केबलवरून डेटा जाताना झालेल्या चुका, साटा केबल बदला. आकडा मागे येणार नाही, पण वाढायचा थांबला तर डिस्क ठीक. 5 (बदललेले खराब सेक्टर) किंवा 197 (वाचता न येणारे सेक्टर) वाढला असता तर म्हटलं असतं, आजच बदलून आणा.