तातडीने मदत हवी: एक्सरेत गुडघ्याची वाटीच नाही!

रात्रजागर: मुलगा काल सोफ्यावरून पडला, उजव्या गुडघ्यावर. एक्सरे काढलाय, पण डॉक्टर थेट सोमवारी भेटणार. फिल्म खिडकीशी धरून पाहिली तर वाटीच नाही! शिवाय मांडीच्या हाडाच्या टोकाशी आडवी काळी रेघ. फ्रॅक्चर का? वाटी सरकून दुसरीकडे जाते का? लवकर सांगा.

नाचणीप्रेमी: कॅल्शियम कमी. रोज नाचणीसत्त्व द्या, हिवाळ्यात डिंकाचा लाडू.

कोवळं_ऊन: ड जीवनसत्त्व नसेल तर कॅल्शियम अंगी लागत नाही. सकाळी सातला उन्हात बसवा.

नाचणीप्रेमी: सातला? ड बनवणारे किरण दुपारकडे जास्त असतात. आयडी बदला आधी.

थेटप्रश्न: अहो, मुलगा केवढा? २ वर्षांचा की १२? चालतोय का? सूज?

सांधेदुखी६२: माझ्या दोन्ही वाट्या झिजल्या. लिफ्ट नसलेल्या इमारतीत घर घेऊ नका, एवढंच सांगतो.

रात्रजागर: अडीच वर्षांचा. लिहिलं नव्हतं का? सूज नाही. चालतोय कसला, आत्ता परत सोफ्यावर चढलाय.

अंधारखोली: अडीच! मग वाटी आहे जागच्या जागी, फक्त अजून कूर्चेची आहे. कूर्चा एक्सरेत उमटत नाही. वाटीत हाड धरायला साधारण ३ ते ६ वर्षांच्या दरम्यान सुरुवात होते, मुलींत आधी, मुलग्यांत मागाहून. २० वर्षं एक्सरे काढतोय, हा प्रश्न कायमचा. रेघ बहुतेक वाढीच्या पट्टीची. तिथे कूर्चेच्या पेशी वाढतात, मागून त्यांच्या जागी हाड भरत जातं, म्हणून पाय लांब होतो. वयात आल्यावर ती मिटते. पण मार पट्टीलाही लागतो, तेव्हा सोमवार चुकवू नका. पाय टेकेनासा झाला तर आजच दाखवा.

थेटप्रश्न: म्हणजे सगळी हाडं आधी कूर्चाच?

अंधारखोली: नाही. कवटीच्या छताची हाडं थेट पडद्यातच धरतात. त्यांच्या मधली न भरलेली जागा म्हणजे टाळू.

कोवळं_ऊन: तरी ड तपासून घ्याच.

रात्रजागर: झोपलाय. पाय सैल होता, हळूच बोट लावलं. आहे! कडेला जराशी सरकते. डाव्याची पण तशीच. हुश्श.

नातीचीआजी: टाळूवरून आठवलं. नात दहा महिन्यांची, टाळू अजून मऊ लागते. खोबरेल चोळू की तिळाचं?

अंधारखोली: आजी, दहाव्या महिन्यात मऊच असते. तेलाचं नाचणीवाल्यांना विचारा.