जुनी पिकअप घेतलेल्यांनो, अनुभव लिहा (आधी तिने काय वाहिलं तेही सांगा)

दिंडोरीचा_बागायतदार

मंडळी, हंगाम जवळ आला की आमच्याकडे कुणी ना कुणी गाठतंच, दादा जुनी पिकअप बघतोय, कुठली घेऊ, किती चाललेली चालेल. तेच तेच सांगून तोंड दुखलं म्हणून हा धागा. ज्यांनी जुनी घेतली, चालवली, विकली त्या सगळ्यांनी लिहा. फक्त "बोलेरो घे बिनधास्त" एवढं टाकून पळू नका. गाडी आधी कशाच्या धंद्यात होती आणि तुमच्याकडे आल्यावर काय काय निघालं ते हवंय.

सुरुवात मी करतो. टोमॅटो आणि थोडी द्राक्षं. माझ्याकडे २०१६ ची बोलेरो पिकअप आहे, अडीच लिटरचं डिझेल इंजिन, मंडपवाल्याकडून घेतलेली. मंडपवालाच का, तर कापड, बांबू, खुर्च्या, हौदा भरलेला दिसतो पण वजन बेताचं, आणि लग्नसराई सोडली तर गाडी शेडमध्ये उभी. त्याच वेळी दुसरी एक बघितली होती, दोन वर्षांनी नवी, मीटरवर किलोमीटर कमी, रंग चकाचक. मागून वाकून बघितलं तर दोन पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या) जादा घातलेले आणि हौद्याच्या फटीत वाळू. मालक म्हणे घराच्या बांधकामाला एकदाच आणली होती. अहो एकदा वाळू आणायला कुणी पाटे वाढवत नाही.

मीटर तर मी बघतच नाही. ते मागे फिरवून देणारे तालुक्याला बसलेत. त्यापेक्षा रिकामी गाडी काट्यावर घालायची आणि आरसीवरच्या रिकाम्या वजनाशी ताडून बघायचं. आमच्या भागात हौद्याला जाड चॅनेल, वर जाळी, मागे लोखंडी बंपर असं काय काय चढवलेलं असतं, तेवढा माल तुमच्या वाट्याचा कमी झाला. आरसीवर भरलेलं वजन असतं त्यातून रिकामं वजा करा, समजा १,३०० किलो उरले तर २० किलोचे ६५ कॅरेट झाले. मार्केटला जाताना किती भरतात ते मी लिहीत नाही, सगळ्यांना माहितीय.

खाऱ्या_पाण्यातला

दादा, बरोबर आहे, पण आमच्या रत्नागिरीकडे वजनापेक्षा पाणी गाडी खातं. मासळीची गाडी. बर्फ वितळतो आणि ते खारं पाणी रात्रभर हौद्यातून खाली चेसीवर ठिबकत राहतं. सकाळी वरून गाडी धुतात, खाली कोण बघतो? आणि विकायच्या आधी चेसीला काळा रंग मारतात, असा की नवीन वाटावी. जुन्या गाडीची चेसी एकदम काळी कुळकुळीत दिसली की मला आधी शंकाच येते.

मी गाडी बघायला जाताना जाड स्क्रू ड्रायव्हर घेऊन जातो. केबिनच्या मागची पहिली आडवी पट्टी, मागचे पाटे जिथे चेसीला लटकतात ते हँगर आणि डिझेल टाकीच्या मागची आतली बाजू, या तीन जागा स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जायचं. चांगला पत्रा असेल तर आवाज टणटणीत येतो. हर्णैकडची एक गाडी बघत होतो, ठोकत ठोकत डाव्या हँगरपाशी आलो आणि आवाज एकदम भद्द झाला. टोक टेकवून दाबलं तर सहज आत गेलं आणि तांबूस पापुद्रे पडले खाली, रंगाची साल मात्र वरच्या वर शाबूत. मालक शांतपणे म्हणतो, तेवढं वेल्डिंग मारून देतो ना भाऊ. हँगर निसटला तर भरलेल्या गाडीचा मागचा एक्सल तिरका होतो, घाटात झालं तर संपलंच. हात जोडून निघालो.

शेवटी गाडी घेतली ती चिपळूणच्या बेकरीवाल्याची. आता मीही मासळीच भरतो, पण हौद्यात खाली पत्रा टाकून पाणी मागे एका नळीने बाहेर काढलंय आणि आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने खालून प्रेशर मारून घेतो. ब्रेकचे लोखंडी पाइपही बघत जा, चेसीच्या आधी ते सडतात.

शिरोळची_ताई

आमची गाडी दुधाच्या कलेक्शनची होती, त्याच धंद्यातली घेतली आणि त्याच धंद्याला लावली. लोक म्हणतात दुधाची गाडी घेऊ नको, रोज पळते. पळू दे की! दुधाची गाडी पहाटे चालू झाली नाही तर दूध नासतंय, त्यामुळे मालक सर्व्हिस चुकवत नाही. आमच्या मामंजींचं म्हणणं एकच, उभ्या गाडीपेक्षा पळती गाडी बरी, आणि इंजिनच्या बाबतीत ते खरंच निघालं. इंजिनला अजून हात लावलेला नाही.

मात्र झिजते ती दुसरीकडे. दर वाडीवर थांबायचं, कॅन चढवायचे, परत निघायचं, त्यामुळे क्लच प्लेट, स्टार्टर आणि मागचे ब्रेक लायनर हे धरूनच चाला. आम्ही घेताना क्लचचा खर्च किमतीतून कापून घेतला. कसं ओळखलं तर हँडब्रेक ओढायचा, तिसरा गिअर टाकायचा आणि हळूहळू क्लच सोडायचा. गाडी लगेच बंद पडली तर क्लच ठीक, इंजिन नुसतं फिरत राहिलं तर प्लेट गेली. सारखं सारखं करू नका, मालक हाकलून देईल.

दुसरं म्हणजे रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालू नका. आमच्याकडे सर्रास चालतं. क्षार धरतात, नळ्या बुजतात, मग उन्हाळ्यात गाडी तापते आणि मग मिस्त्री थर्मोस्टॅटच काढून टाकतो, की झालं काम! झालं कसलं, हिवाळ्यात इंजिन नीट गरमच होत नाही आणि डिझेल जास्त जातं. आम्ही रेडिएटर खोलून साफ केला, थर्मोस्टॅट परत बसवला, कूलंट भरलं. डिझेल फिल्टरखालचं पाणी मी स्वतः सोडते, दोन मिनिटांचं काम आहे, त्याला ड्रायव्हर लागत नाही.

पक्या_नारायणगाव

छोटा हत्ती (टाटा एस) घ्यावा का पिकअप? माल जास्त नसतो, एकरभर भाजी आहे.

दिंडोरीचा_बागायतदार

पक्या, एकरभर भाजीला टाटा एसच पुरे. २००५ ला आली तेव्हापासून गल्लीबोळात तिच्यासारखी गाडी नाही. पण घाट चढून रोज वाशीला जायचं असेल तर नको.

स्टँपपेपरवाला

मी आरटीओच्या बाहेर बसणारा माणूस, एजंट म्हणा. इंजिनवर सगळे बोलतात, कागदावर कुणी बोलत नाही, म्हणून लांबलचक लिहितो.

गाडीवर बँकेचा बोजा आहे का ते आधी बघा. आरसीवर फायनान्सरचं नाव असेल तर नुसती "हप्ते फिटलेत" ही थाप ऐकू नका, बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा अर्ज) हातात पाहिजे. ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी आली तेव्हापासून तिकडचा माल इकडे स्वस्तात येतो, त्यात चांगल्याही असतात, पण एनओसी, इकडचा टॅक्स आणि नवा नंबर धरून हिशेब करा, मग स्वस्ताई किती उरते बघा.

पासिंग. मालवाहू गाडी आठ वर्षांची होईपर्यंत फिटनेस दोन-दोन वर्षांचं मिळतं, नंतर दरवर्षी. २०२२ ला पंधरा वर्षांवरच्या गाड्यांच्या फिटनेसची फी एकदम वाढवली, आताची फी आरटीओत विचारून घ्या. आपल्याकडे मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर पर्यावरण करही लागतो. "पासिंग संपलंय, तुम्हीच करून घ्या, म्हणून स्वस्त देतो" असं कुणी म्हणालं तर समजा चेसी, लाइट, रेडियम, ब्रेक सगळ्याचा खर्च तुमच्यावर. ऑनलाइन नंबर टाकून विमा, फिटनेस, पीयूसी आणि थकलेली ई-चलानं दिसतात, तीही व्यवहाराआधीच मालकाकडून भरून घ्या. आणि चेसी नंबर आरसीशी स्वतः ताडा. आम्ही पेन्सिलने कागदावर ठसा घेतो, आकडे वेडेवाकडे किंवा आजूबाजूला घासलेलं वाटलं तर तिथेच थांबा.

आता विकणाऱ्यांसाठी. नुसत्या स्टँप पेपरवर गाडी देऊन मोकळे होऊ नका. कायद्यात विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत कळवायचं असतं. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय की आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव तोच मालक, अपघाताची भरपाई त्याच्याच गळ्यात. गाडी तीन हात पुढे गेलेली असली तरी. विम्याची पॉलिसीही घेणाऱ्याने चौदा दिवसांत नावावर करून घ्यायची.

परमिटचं पण विचारतात. एकूण वजन ३,००० किलोपर्यंतच्या मालगाडीला परमिट लागत नाही. सगळ्या पिकअप त्यात बसत नाहीत, मोठ्या हौद्यावाल्या वर जातात, तेव्हा आरसी वाचा.

मिस्त्रीचा_पोरगा

वडलांचं गॅरेज उद्यमनगरला, मी पण तिथंच. गाडी बघायला सकाळी लवकर जा, आणि गेल्या गेल्या बोनेटला हात लावा. गरम लागलं तर मालकाने आधीच चालू करून ठेवलीय, म्हणजे थंड गाडी सुरू होताना काहीतरी लपवायचंय. परत दुसऱ्या दिवशी जा. थंड गाडी दोन-तीन वेळा किल्ली मारून उठत असेल तर हीटर प्लग, बॅटरी किंवा कॉम्प्रेशन, तिन्हीपैकी काय ते बघायला लागतं.

इंजिन गरम झालं की चालू इंजिनवर ऑइलचं झाकण काढा. थोडी वाफ सगळ्याच जुन्या इंजिनाला येते. पण झाकण उलटं ठेवलं आणि ते नाचायला लागलं, धाप लागलेल्या म्हाताऱ्यासारखं इंजिन भसाभसा फुंकायला लागलं, तर बॅक मारतंय (सिलिंडरातला दाब खाली गळतोय), रिंगा-पिस्टनचं काम आलं. ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी गेलंय, हेड गॅस्केट तरी किंवा त्याहून वाईट. धूर निळा असेल तर ऑइल जळतंय. काळा असेल तर एवढं घाबरू नका, नोझल आणि एअर फिल्टरवर बऱ्याचदा भागतं.

मग चढावर घ्या. गिअर आपोआप बाहेर पडतोय का, सोडल्या-दाबल्यावर मागून "खट्" आवाज येतोय का (शाफ्टचा क्रॉस), गोळ्यातून (मागच्या एक्सलमधला डिफरन्शियल) घरघर येते का. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. नक्षी भरपूर दिसली तरी रबराला चिरा असतील किंवा रिमोल्ड (जुन्या टायरवर नवं रबर चढवलेलं) असेल तर टायरचे पैसे वेगळे धरा.

घेतल्यावर काय? पहिल्याच दिवशी सगळी ऑइलं बदला, इंजिन, गिअर, गोळा, ब्रेक ऑइल. आधीच्याने काय भरलंय देव जाणे. हब खोलून ग्रीस, पाट्यांना आणि क्रॉसला ग्रीस. बीएस फोरपर्यंतच्या (बीएस म्हणजे धुराच्या प्रदूषणाचे सरकारी टप्पे) गाड्या आमच्यासारखा मिस्त्री कानाने ओळखतो, २०२० नंतरच्या बीएस सिक्सला स्कॅनर लावायलाच लागतो, गावात तो नसेल तर विचार करून घ्या. आणि घाट उतरताना न्यूट्रल करून डिझेल वाचवणारे महाभाग, तुमच्यामुळे आमचं लायनरचं दुकान चालतं, धन्यवाद.

यार्डातला

मी फायनान्सने ओढून आणलेली गाडी लिलावात घेतली. कंपनीचं नाव नको. तिथे चालवून बघू देत नाहीत, जास्तीत जास्त चालू करून दाखवतात, तेही बॅटरी बाहेरून लावून. महिनोन्महिने उन्हापावसात उभी असते, उंदरांनी वायरिंग खाल्लेलं, टाकीत पाणी, ब्रेक जाम. किंमत खरंच कमी पडली, पण जुनी चलानं आणि थकलेला टॅक्स माझ्याच माथी आला आणि कागद हातात यायला इतका वेळ गेला की कांद्याचा हंगाम भाड्याच्या गाडीवर काढला. ज्याला गाडीची घाई नाही आणि ज्याचा मिस्त्री घरचा आहे त्याने जरूर घ्या.

मिशिगनचा_मावळा

खाऱ्या पाण्याचं वाचून हसू आलं. इथे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावरच मीठ टाकतात, त्यामुळे जुना पिकअप ट्रक घेताना आम्हीही हातोडी घेऊन खाली झोपतो. दक्षिणेकडच्या राज्यातला ट्रक मुद्दाम शोधतात लोक. आणि कागदावर "सॅल्व्हेज" लिहिलेलं नाही ना ते बघायचं, म्हणजे विमा कंपनीने एकदा मोडीत काढलेली.

शिरोळची_ताई

स्टँपपेपरवाले दादा, एक विचारायचं होतं. आमच्या ड्रायव्हरकडे साधं कारचं लायसन आहे, पिवळ्या पाटीची पिकअप चालवली तर विमा अडतो का?

स्टँपपेपरवाला

नाही ताई. ६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी सांगितलं की एलएमव्ही (हलक्या गाडीच्या) लायसनवर साडेसात हजार किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालते, वेगळा शेरा लागत नाही. फक्त लायसनची मुदत तपासा त्याची. बऱ्याच ड्रायव्हरांची संपलेली असते आणि त्यांनाच पत्ता नसतो.