मणक्यातलं पाणी काढायचंय? कामाचं तेवढं इथे लिहा

पाचपाखाडीची सिस्टर (धागाकर्ती)
पाठीतलं पाणी, म्हणजे मेंदू-मज्जारज्जूभोवतीचं, तपासणीसाठी सुईने काढलं की माणूस लुळा पडतो, ही भीती अजून जात नाही. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यामधून घालतात. तिथे फक्त नसांचे धागे पाण्यात तरंगत असतात. पाणी एकूण साधारण १५० मिली, रोज ५०० मिलीच्या आसपास नवं बनतं. त्यातलं १०-१५ मिली काढलं तर तासाभरात भरून निघतं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र लपवू नका. वॉरफरिन साधारण ५ दिवस आधी थांबवून आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याची तपासणी) बघतात, क्लोपिडोग्रेल ५ ते ७ दिवस. नुसती अ‍ॅस्पिरिन बहुधा आड येत नाही. आपल्या मनाने काहीच बंद करायचं नाही, स्टेंटवाल्यांनी तर मुळीच नाही. डेंग्यूच्या दिवसांत प्लेटलेटचा ताजा रिपोर्ट न्या.

ऐरोलीचा भूलतज्ज्ञ
पलंगाच्या कडेला कुशीवर, गुडघे पोटाशी, हनुवटी छातीला. पाठ जितकी कमानदार तितकी मणक्यांमधली फट उघडते. निम्मं काम इथेच होतं. भुलीचं इंजेक्शन चुरचुरतं, पुढे फक्त दाब जाणवतो. पायात करंट आला तर दचकून हलू नका, 'डावा' किंवा 'उजवा' एवढंच बोला. सुई त्या बाजूला कललेली असते, डॉक्टर ती मधे आणतात. पाण्याचा दाब मोजताना पाय सैल सोडा, श्वास रोखू नका, नाहीतर आकडा उगाच चढतो.

पेन्सिलसारख्या टोकाची सुई मिळेल का, हे आधी विचारा. धारदार सुई पाण्याभोवतीचा पडदा कापते, ही तंतू बाजूला सारते. नंतर पाण्याची गळती कमी.

कोपरखैरणे, लॅब
पाणी क्रमाने चार बाटल्यांत घेतात, त्यांवरचे नंबर पुसू देऊ नका. पहिली लाल आणि चौथी स्वच्छ असेल तर बहुधा सुईने बारीक शीर दुखावलेली असते. चारही सारख्या लाल असतील तर गोष्ट वेगळी, आत आधीच रक्तस्राव झालेला असू शकतो. सॅम्पल नातेवाइकाच्या हाती दिलं तर वाटेत चहाला थांबू नका, पेशी तासा-दोन तासांत फुटायला लागतात. ठाणे-बेलापूर रोड तुंबला असेल तर ट्रान्स-हार्बर लोकल बरी. बर्फात ठेवू नका, थंडीने काही जंतू मरतात आणि कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) फुकट जातं. त्याच वेळी रक्तातली शुगरही तपासून घ्या. पाण्यातली शुगर तिच्या साधारण दोन तृतीयांश असते, तुलनेशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. टीबीची शंका असेल तर पाणी जास्त लागतं, त्यावरून वॉर्डात वाद घालू नका.

घोडबंदरची फिजिओ
नंतर २४ तास उशीशिवाय उताणं पडून राहायचं, हेही लिहा.

ऐरोलीचा भूलतज्ज्ञ
ताई, हा जुना समज. पडून राहिल्याने पाणी काढल्यानंतरची डोकेदुखी टळत नाही. खूण अशी: उठून बसलं की ठणकतं, आडवं झालं की उतरतं. बहुतेकदा दोन-तीन दिवसांत सुरू होते, आठवड्या-दोन आठवड्यांत जाते. तोवर पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, चहा-कॉफी. हटली नाही तर ब्लड पॅच: स्वतःच्याच हातातलं साधारण २० मिली रक्त त्याच जागी, पडद्याच्या बाहेर सोडतात.

पाचपाखाडीची सिस्टर
ताप येऊन मान आखडली, पायातला जोर गेला, जांघेत बधिरपणा आला, लघवी अडली किंवा पट्टीतून पाणी झिरपत राहिलं, तर ओपीडीची वेळ बघू नका, थेट कॅज्युअल्टी. आणि टीबीच्या कल्चरला ६ आठवडे लागू शकतात, तेव्हा डिस्चार्जच्या कागदावर 'रिपोर्ट बाकी' असं लिहून घ्या.