अनुभव धागा: पेठेतली दालनं, बोळातल्या भिंती (पुणे)

शनिवारपेठी

पुण्यात नाटकवेडा किंवा गाणंवेडा माणूस शोधावा लागत नाही. चित्रप्रदर्शनाला नेमाने जाणारं कोण, असं विचारलं तर मात्र लोक एकमेकांकडे बघतात. प्रदर्शनं नसतात म्हणावं तर तसंही नाही. आमच्याच पेठेत सुदर्शन कलादालन आहे. घोले रोडला नेहरू सांस्कृतिक भवनात राजा रविवर्मा कलादालन, बालगंधर्वला एक, कोथरूडला यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात एक. गोखलेनगरला कलाछायाच्या आवारात दर्पण, भांडारकर रस्त्यावर आर्ट टू डे. नदीपलीकडच्या कोरेगाव पार्कातल्या खासगी गॅलऱ्या निराळ्याच. आणि कसब्यातल्या चितारलेल्या भिंती आहेतच, त्यांना ना तिकीट, ना वेळ, ना दार.

हा धागा अशा लहान जागांसाठी. काय पाहिलंत, कोण भेटलं, काय विचारलंत, काही विकत घेतलंत का, ते लिहा. मोठी संग्रहालयं नकोत, केळकर संग्रहालयावर आपण सगळ्यांनी शाळेत निबंध लिहिलेला आहे. आणि ‘मला चित्रातलं काही कळत नाही’ हे वाक्य प्रत्येकाने पुन्हा लिहायला नको, ते सगळ्यांच्या वतीने मीच लिहून टाकते.

सुरुवात माझ्यापासून. सुदर्शनला प्रायोगिक नाटक होतं, वेळ हाताशी होता म्हणून दालनात शिरले. लिनोकटची, म्हणजे लिनोलियमचा ठसा कोरून काढलेल्या छापांची, मालिका लावलेली. चित्रकार कोपऱ्यात खुर्चीवर बसून डबा खात होता. एका चित्राखाली पेन्सिलने 4/15 लिहिलेलं. मला वाटलं चौथी तारीख. विचारलं तर त्याने डबा बाजूला ठेवला. एका ठशावरून पंधराच छाप काढायचे, त्यातला हा चौथा. प्रेस नाही, म्हणून कागद ठशावर ठेवून स्टीलच्या चमच्याच्या पाठीने घासायचा. रंग तीन, ठसा मात्र एकच: आधी पिवळ्याचे सगळे छाप काढायचे, मग तोच ठसा आणखी कोरायचा आणि त्यावर लाल, मग परत कोरून काळा. शेवटी ठशावर फक्त काळ्यापुरतं लिनो उरतं, त्यामुळे सोळावा छाप काढतो म्हटलं तरी काढता येत नाही. पिशवीतून त्याने तो उरलेला ठसा काढून दाखवला. नाटकाची तिसरी घंटा झाली तेव्हा मी अजून त्याच्यापाशीच होते.

कसबेकर

भिंतीबद्दल भिंतवाल्यानेच लिहावं, म्हणून लिहितो. कसब्यात चित्रं काढायला सुरुवात झाली ती 2012 च्या सुमाराला. हर्षवर्धन कदम या चित्रकाराने पुणे स्ट्रीट आर्ट प्रोजेक्ट सुरू केला, तेव्हा पहिल्यांदा बोळात परांची बांधलेली आणि वर पोरं-पोरी ब्रश घेऊन बसलेली दिसली. त्यानंतर हौशी गट येत राहिले, आमच्या वाड्याची भिंत त्यातल्याच एका गटाने मागितली.

परवानगीचं नाटक ऐका. मालक हो म्हणाले, कारण फुकटात रंग लागणार. भाडेकरू नाही म्हणाले, कारण मालक हो म्हणाले. आमच्या आजीची अट अशी की देवाचंच चित्र हवं. कोपऱ्यावर रोज येता-जाता पुरुष उभे राहायचे, आणि देवाच्या फरशा लावून झाल्या होत्या, त्याही लोकांनी काढून नेल्या. मुलं देव काढायला तयार नव्हती. शेवटी त्यांनी एक मोठी बाई काढली. डोक्यावर हंडा, हंड्यातून मासे उड्या मारतायत, आणि डोळे असे की बोळात कुठेही उभे राहा, आपल्याकडेच बघते. आजी आठवडाभर तिच्याशी बोलली नाही. पण कोपऱ्यावर उभं राहणं बंद झालं, कारण आता तिथे सारखं कोणीतरी फोटो काढत असायचं. मग आजी पाहुण्यांना पत्ता सांगताना ‘मासेवालीच्या शेजारी’ म्हणू लागली.

आता तांत्रिक बाजू, कारण ती कोणी सांगत नाही. आमची भिंत जुनी, चुन्याची. चुन्याची भिंत ओल आत घेते आणि बाहेर सोडते. वर प्रायमर आणि अ‍ॅक्रिलिकचा थर बसला की ओलीला वाट राहत नाही. पहिल्या पावसाळ्यानंतर फुगे आले, दुसऱ्यानंतर पोपडे. क्षार फुटून पांढरी बुरशीसारखी पूड यायला लागली. बाईचा एक डोळा गेला. मुलांपैकी एक जण येऊन दुरुस्त करून गेला, डोळा परत गेला. त्यानंतर वाडाच पाडायला निघाला. नवीन इमारतीला त्या जागी पार्किंगचं शटर आहे. वाईट वाटलं, पण घरात गळत होतं तेही खरं. चित्रासाठी वाडा राखा म्हणणाऱ्यांनी एक पावसाळा आमच्या माळ्यावर झोपून बघावं.

नवीपुणेकरीण

कसबेकर, कुठून सुरू करायचं ते सांगाल का? हिंजवडीतून येणाऱ्या माणसाला समजेल असं.

कसबेकर

मेट्रोने या. कसबा पेठ स्टेशन सप्टेंबर 2024 पासून सुरू आहे, बाहेर पडलात की फडके हौद जवळच. गाडी आणू नका, हे हात जोडून सांगतो. सकाळी लवकर या, दुकानांची शटर खाली असतात आणि काही चित्रं शटरवरच आहेत. तांबट आळीतून जा, भांड्यांवर ठोके घालताना ऐकू येईल. कुठलं चित्र अजून आहे आणि कुठलं गेलं, हे मी सांगत नाही, कारण दर दिवाळीत चित्र बदलतं. आणि लोकांच्या दारासमोर उभं राहून फोटो काढायच्या आधी ‘काढू का?’ विचारा. चहा मिळतो.

रंगीत_चष्मा

कोरेगाव पार्कचा अनुभव. माझी अडचण आत जाण्याचीच होती. काचेचं दार, बाहेर सुरक्षारक्षक, आत एकदम थंड आणि शांत. आपल्याकडे बघून यांना कळेल की ही घेणारी नाही, अशी भीती. 2020 मध्ये सुरू झालेल्या विदा हैदरी कंटेम्पररी या गॅलरीच्या दारावरून मी कितीदा तरी नुसती गेले असेन. शेवटी भाचीने हात धरून आत ओढलं. कोणी काही विकायला आलं नाही. प्रवेश फुकट. एका मुलीने विचारलं, मालिकेबद्दल सांगू का? सांगितलंही, आणि मग आम्हाला एकटं सोडलं.

चित्रांखाली किमती नव्हत्या. अशा ठिकाणी किमतीचा कागद वेगळा असतो, मागितला की देतात, मागायला लाजायचं नाही. लाल टिकली म्हणजे चित्र विकलं गेलं, हेही तिथेच कळलं. किमती वाचून आम्ही दोघींनी कागद अदबीने परत ठेवला.

पण ज्यांना दाराचीच भीती आहे त्यांनी आधी मलाका स्पाइसला जावं. जेवणाचीच जागा, भिंतींवर चित्रकारांची कामं लावलेली असतात. नूडल्स खाता खाता बघता येतं. एकच त्रास, चित्र नीट बघायचं तर शेजारच्या टेबलवाल्याच्या डोक्यावरून बघावं लागतं आणि त्याला वाटतं आपण त्याच्या ताटात बघतोय.

(बऱ्याच खासगी गॅलऱ्या सोमवारी बंद असतात. फोन करून जा.)

स्पष्टवक्ता_सदाशिव

सगळं ठीक. पण कोणीतरी बोलायला हवं. मागे एका दालनात गेलो. कॅनव्हासवर तीन काळे पट्टे. खाली ‘शीर्षकहीन’. किंमत तीस हजार. शीर्षक सुचलं नाही तर किमतीत सूट द्यावी की नाही? शेजारी इंग्रजीत अर्धं पान लिहिलेलं, त्यात स्मृती, शरीर, विस्थापन वगैरे. मी परत पट्ट्यांकडे पाहिलं, विस्थापन काही दिसलं नाही. निसर्गचित्र काढायला मेहनत लागते, हे काय?

ओला_कॅनव्हास

सदाशिव काका, त्या अर्ध्या पानाबद्दल मी तुमच्या बाजूने आहे. ते लिहिणाऱ्यांनाही कधीकधी कळलेलं नसतं. मी चित्रकार आहे, अभिनव कला महाविद्यालयात शिकलो, आणि तसली पानं मीही लिहिली आहेत, कारण अर्जात जागा सोडलेली असते.

पैशाचा हिशेब मात्र सांगतो, तो कोणी मांडत नाही. भाड्याचं दालन घेतलं तर भाडं चित्रकाराच्या खिशातून. फ्रेमा, टेम्पो, आमंत्रणपत्रिका, उद्घाटनाचा चहा, सगळं खिशातून. खासगी गॅलरीने प्रदर्शन लावलं तर हा खर्च बराचसा वाचतो, पण विक्रीतला तिसरा हिस्सा ते निम्मा, गॅलरीचा. मुंबईला जहांगीर कलादालन मिळावं म्हणून अर्ज केला तर वर्षानुवर्षं थांबायचं. तीस हजारांतले हातात किती येतात, आणि ते चित्र वर्षातलं एकच विकलेलं असेल, हे धरून बघा.

आणि प्रदर्शनाचे दिवस कसे जातात? पहिल्या दिवशी नातेवाईक, पेढे, फोटो. शेवटच्या दिवशी मित्र, फ्रेमा उतरवायला. मधले दिवस तुम्ही आणि पंखा. बालगंधर्वला माझं प्रदर्शन होतं तेव्हा दुपारच्या प्रयोगाला आलेली मंडळी मध्यंतरात आत डोकवायची, हातात वडा. तेलकट बोट चित्राकडे रोखून ‘हे कुठलं गाव हो?’ विचारायची. मला तेच आवडायचं. तिथल्या एका सफाई कामगार बाईंनी रोज फिरून शेवटी सांगितलं की कोपऱ्यातलं चित्र उलटं लावलंय. उलटं नव्हतं. पण मी ते घरी जाऊन उलटं करून बघितलं, आणि पुढची सगळी मालिका त्यातून निघाली.

तेव्हा काका, पुढच्या वेळी त्या काळ्या पट्ट्यांचा चित्रकार तिथे बसलेला असेल तर त्यालाच विचारा, हे काय म्हणून. लहान दालनाचा हाच फायदा, मोठ्या संग्रहालयात विचारायला माणूस सापडत नाही.

स्पष्टवक्ता_सदाशिव

विचारीन. उत्तर इथे कळवीन. सूट मिळाली तर तेही.

उड्डाणपुलाखालून

भिंतींचा विषय निघालाच आहे तर एक तक्रार. स्वच्छ सर्वेक्षण जवळ आलं की शहरभर भिंती रंगतात: झाडू, कचरापेटी, फुलपाखरू, आणि सगळीकडे वारली. त्रिकोणाला त्रिकोण जोडला, गोल डोकं काढलं, झाली वारली. खरी वारली पालघरकडची, गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेली, लग्नाचा चौक म्हणून. जिव्या सोमा म्हसे यांना 2011 मध्ये त्यासाठी पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रातली जाळी आणि मासे बघितले की आपल्या पुलाखालचे त्रिकोण बघवत नाहीत.

दिल्लीला लोधी कॉलनीत स्टार्ट इंडिया या भिंतचित्रं करणाऱ्या संस्थेने रंगवलेल्या भिंती पाहून आलो. सरकारी वसाहत, सगळ्या इमारती एकसारख्या, उंच सपाट भिंती, समोर रुंद रस्ता. मागे सरकून बघता येतं. कसब्यात मागे सरकलं तर पाठ समोरच्या भिंतीला लागते. मला कसबाच जास्त आवडला. चित्र तुकड्यातुकड्याने सापडतं, वर बघितलं तर कोणाचं तरी वाळत घातलेलं धोतर मध्ये येतं.

आणि रात्री स्प्रे कॅन घेऊन निघण्याचा विचार करणाऱ्या तरुणांना: राज्यात 1995 चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायदा आहे. कसबेकरांसारख्यांना विचारून काढा.

आज्जी_रिटायर्ड

नातवाला सुट्टीत राजा रविवर्मा कलादालनात नेते. जवळ पडतं, फुकट आहे, एवढाच उदात्त हेतू. त्याला आम्ही खेळ दिला आहे: दालनात एक फेरी मारायची आणि घरी न्यायचं झालं तर कुठलं, ते कारणासकट सांगायचं. मागच्या वेळी त्याने म्हशींचं चित्र निवडलं, ‘कारण या म्हशीला कंटाळा आलाय.’ चित्रकार बाई मागेच उभ्या होत्या. त्यांनी त्याला पोस्टकार्डाएवढा छाप दिला. पैसे घेईनात.

खिडकीतला_कावळा

कोणी पुण्याचं बिनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरवायचं ते कलाप्रदर्शन, पाहिलं होतं का? 2017 चं मला आठवतंय. कलाकृती दालनाबाहेर, शहरात इकडे-तिकडे, लोक चालता चालता थबकायचे आणि ‘काम चालू आहे का?’ विचारायचे. कॅनॉट रस्त्यावरच्या टिफा वर्किंग स्टुडिओजलाही जा. राहून काम करणारे कलाकार असतात, खुला दिवस ठेवला की अर्धवट कामं बघायला मिळतात. पुसलेल्या रेघा, भिंतीला चिकटवलेली वाण्याची बिलं. मला पूर्ण चित्रापेक्षा तेच बघायला मजा येते.

नवीपुणेकरीण

जाऊन आले! कसबा सकाळी, सुदर्शन संध्याकाळी. आणि मी एक छाप विकत घेतला, आयुष्यातला पहिला. तीन हजारांत, दोन हप्त्यांत देते म्हटलं तर चित्रकार ताई लगेच हो म्हणाल्या. आता प्रश्न: फ्रेम कशी करायची? कोपऱ्यावरचा फ्रेमवाला म्हणतो चित्र हार्डबोर्डला चिकटवून देतो, सपाट राहील.

ओला_कॅनव्हास

चिकटवू देऊ नका! ताई, कागद श्वास घेतो, हवेप्रमाणे थोडा फुगतो-आकसतो. वरच्या कडेला दोन ठिकाणी जपानी कागदाच्या बिजागऱ्या, खळ लावून, बस. माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, आम्लमुक्त मागा, नाहीतर काही वर्षांत कडेने पिवळं पडतं. काच चित्राला टेकता कामा नये, मध्ये माउंटची जाडी हवी. पेन्सिलची सही आणि आकडा माउंटखाली झाकू नका. समोरून ऊन येणारी भिंत नको, आणि मागे बाथरूम असलेली तर नकोच, आपल्या पावसाळ्यात बुरशी धरते. कोपऱ्यावरचा ऐकत नसेल तर छाप त्याच्याकडे सोडून येऊ नका, रोल करून घरी आणा आणि इथे विचारा.